लष्करी ट्रेलर ५० च्या वर शेपूट हलवतो तेव्हा

ताशी ४० किलोमीटरपर्यंत ट्रेलर शहाण्या पोरासारखा मागे येतो. काटा ५० कडे सरकला की आरशात त्याचा कोपरा आधी डावीकडे डोकावतो, मग उजवीकडे, परत डावीकडे, आणि दर खेपेला थोडा जास्त. हातात स्टिअरिंग सरळ असतं, तरी गाडीच्या मागच्या अंगाला कुणी खांदा देतंय असं वाटतं. वेग उतरवला की सगळं शांत. आमचे इंदूरजवळच्या राऊचे उस्ताद याला एवढंच म्हणतात, "भिया, पूँछ हिला री है."

याच्या जोडीला कधी कधी हेही दिसतं:

– ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना मागून खट्ट असा ठोका
– ट्रेलरचं एकच टायर आतून किंवा बाहेरून खाल्लं जाणं
– रिकामा ट्रेलर स्पीडब्रेकरवर चेंडूसारखा उसळणं
– २०-२५ किलोमीटरनंतर एक हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम, वर जळक्या ग्रीसचा वास
– सरळ रस्त्यावर ट्रेलर गाडीच्या चाकोरीत न येता एका बाजूला सरकून चालणं

झुलणं, उसळणं आणि ठोका ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. झुलण्याला ताल असतो आणि ते वेगाबरोबर वाढतं. उसळणं खड्ड्यावर अवलंबून, वेग कितीही असो. ठोका फक्त वेग बदलताना येतो. माझ्याकडे येणारा माणूस "हलतो हो" एवढंच सांगतो, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो: किती वेगाला, भरलेला की रिकामा, सपाटीवर की उतारावर? एवढं एका कागदावर लिहून आणलंत तर निम्मं काम झालं.

मी गॅरेजवाला नाही. सिमरोलच्या बाजूला थोडी शेती आहे, सोयाबीनची पोती आणि पाण्याचे ड्रम न्यायला एक पाव टनी लष्करी ट्रेलर घेतला आणि तो हलायला लागला म्हणून शिकलो. मग रामबागेतल्या एका काकांचा आला, महूच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा आला, सुदामानगरातल्या दोघा भावांनी चोरल गावी तंबू ठोकायला म्हणून घेतलेला आला. दुखणं तेच, कारणं निराळी.

हे सामान सैन्यातून एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लॉटनं निघतं आणि आपल्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या हातानं येतं. मधल्या हातांनी त्यावर काय काय उपचार केलेत ते कुणी सांगत नाही. त्यात मुळात तो आपल्या गाडीसाठी घडवलेलाच नसतो. महायुद्धातल्या विलीज जीपमागचा पाव टनी ट्रेलर घ्या, छोट्या लष्करी ट्रेलरांचा आजोबा. रिकामं वजन सुमारे २५० किलो, आडवाटेवर त्यात घालायचा माल जवळपास २२५ किलो. ओढणारी जीप आखूड, पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर, आणि हुक मागच्या चाकांच्या लगेच पाठीशी. बोलेरोचा व्हीलबेस, म्हणजे हेच अंतर, २,६८० मिलिमीटर. लांब व्हीलबेसचा फायदा होतो खरा, पण मागच्या ॲक्सलपासून हुकापर्यंत जे अंग लोंबतं ते तो फायदा खाऊन टाकतं. ट्रेलरनं हुकाला बाजूला मारलेली लहानशी टपलीही त्या लांबीमुळे गाडीचं बूड फिरवते. शिवाय जीपवाला बायपासवर ८० नं जात नव्हता.

लोक माझ्याकडे बहुधा हुक बदलून झाल्यावर येतात. हुक डोळ्यांना दिसतो, खट्ट वाजतो, म्हणून आळ त्याच्यावर. मी हुकापाशी पोचतो तोवर पाच गोष्टी तपासून झालेल्या असतात, आणि अर्ध्याहून अधिक वेळा तोवर ट्रेलर सरळ चालायला लागलेला असतो.

चालत्या गाडीत झुलायला लागला तर

आधी हे, कारण तपासणी नंतरही करता येईल. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा आणि ट्रेलरच्या उलट वळवून त्याला "आवरायला" जाऊ नका. आपला हात नेहमी अर्धा ताल उशिरा पडतो आणि झोका वाढतो. ब्रेकवर उभं राहू नका. वेग आपोआप उतरला की झोका मरतो, मग बाजूला घ्या. वेग वाढवून ट्रेलर ताणला जाईल आणि सरळ होईल, असं सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि आपला पाय वरच ठेवावा.

घाटात उतरताना हे जास्त होतं, कारण ट्रेलर ओढला न जाता गाडीला ढकलत असतो. भेरूघाट मी भरलेल्या ट्रेलरसह दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावा.

१. ट्रेलरच्या पोटात पाणी आहे का?

हसू नका. जीपमागचे हे ट्रेलर ओढ्यातून तरंगत नेता यावेत म्हणून त्यांचं टब पाणी न झिरपेल असं बनवलेलं असतं. जे पाणी बाहेरून आत येऊ देत नाही ते आतून बाहेरही जाऊ देत नाही. त्यासाठी तळाला मोरीचे बूच असतात. रंगाच्या थरांखाली ते जाम होतात, किंवा मधल्या एखाद्या मालकानं त्यावर पत्रा मारलेला असतो. पावसाळ्यात ताडपत्रीखाली ५ सेंटिमीटर पाणी साठलं तर १.८ मीटर बाय १ मीटरच्या टबात ते ९० लिटर, म्हणजे ९० किलो. वर ते जागेवर बसत नाही. ट्रेलर डावीकडे झुकला की पाणी डावीकडे धावतं आणि झोक्याला खतपाणी घालतं.

माझा स्वतःचा ट्रेलर पहिल्यांदा जोरात हलला तो याच कारणानं. ऑगस्टचा महिना, चोरलहून येत होतो, ताडपत्री घट्ट बांधलेली, माल अर्धाच. वर राऊ सर्कलपर्यंत मी मनात हुक, बेअरिंग, ॲक्सल, सगळ्यांना शिव्या घालून झालो. घरी ताडपत्री सोडली तर आत तळं, आणि त्यात एक पोतं सोयाबीन भिजून फुगलेलं. बूच पान्यानं सुटेना, शेवटी डिझेल ओतून रात्रभर ठेवलं तेव्हा सुटलं. खर्च शून्य, पोत्याचा धरला नाही तर.

२. हवा

पंक्चरवाल्याकडे आपण गाडीच्या चार चाकांत हवा भरतो आणि निघतो. ट्रेलर घरी असतो. त्याच्या टायरमध्ये कुणी वर्षभर पाहिलेलं नसतं. कमी हवेचं टायर बाजूला लवतं, परत येतं, पुन्हा लवतं, आणि झोक्याला हेच तर हवं असतं. थंड टायरवर दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का ते आधी बघा. सारखा असणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तिच्या वर जायचं नाही. मी माझ्या ६.००-१६ ला माल भरलेला असताना ३० ते ३५ पीएसआय ठेवतो, रिकामा असताना थोडा कमी, म्हणजे उसळत नाही.

३. नाकावरचं वजन

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक ट्रेलर इथेच सरळ होतात आणि बहुतेक लोक इथेच कंटाळतात.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाची कडी गाडीच्या हुकावर जेवढ्या वजनानं टेकते त्याला नाकावरचं वजन म्हणू. ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं असावं. ट्रेलर आणि माल मिळून ५०० किलो, तर नाकावर ५० किलो. कमी झालं की ट्रेलरचा तोल मागे जातो आणि तो हुकाभोवती लंबकासारखा डोलायला लागतो. फार जास्त झालं की गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना विटा लावा. काट्यावर लाकडाचा ठोकळा असा उभा करा की त्यावर टेकलेली कडी बरोबर हुकाच्या उंचीला येईल. माल नेहमी भरता तसाच भरा. काटा वाचा. एवढंच. वजन शंभराच्या वर असेल तर घरच्या काट्याचा जीव घेऊ नका, बाजारातल्या धर्मकाट्यावर नुसतं नाक टेकवूनही वजन मिळतं.

आता हिशेब बघा. कडीपासून ॲक्सलपर्यंत १८० सेंटिमीटर धरा. २०० लिटरचा भरलेला पाण्याचा ड्रम ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे ठेवला तर नाकावरून जवळपास ३३ किलो उचलले जातात. तोच ड्रम ३० सेंटिमीटर पुढे ठेवला तर तेवढेच वाढतात. दोन फुटांच्या सरकवण्यात ६६ किलोंचा फरक. नवा हुक घेतल्यानं हे होत नाही, ड्रम ढकलल्यानं होतं. रामबागेतल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे पण मागे ठेवला की नळ उघडायला सोपा पडतो." नळाला दोन मीटर पाइप लावला, ड्रम पुढे गेला, झुलणं गेलं.

जड माल ॲक्सलच्या आसपास आणि थोडा पुढे ठेवायचा. पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक असं जड सामान ठेवलं तर काट्यावर नाक बरोबर दिसतं, तरी ट्रेलर हलतो, कारण दोन टोकांची वजनं एकदा फिरायला लागली की थांबत नाहीत. आणि ड्रम भरायचा तर काठोकाठ, न्यायचा नसेल तर पूर्ण रिकामा. अर्धा ड्रम म्हणजे पुन्हा ते ऑगस्टचं तळं.

४. टायर कुठल्या जातीचं, कुठल्या वर्षाचं

एका बाजूला नायलॉनचं जुनं दातेरी टायर आणि दुसऱ्या बाजूला रेडियल, असे ट्रेलर मी पाहिलेत. दोन्हीची कड वेगळी लवते, म्हणून एका ॲक्सलवर दोन्ही जाती नकोत. मग वय बघा. कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर ते टायर २००० च्या आधीचं. नक्षी कितीही चांगली दिसो, ते शेतात ओटा बांधायला वापरा, रस्त्यावर नाही.

एक गंभीर गोष्ट. काही जुन्या लष्करी रिमा दोन अर्धांच्या असतात आणि ते अर्ध बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. आत हवा असताना त्या बोल्टांना पाना लावायचा नाही. चाक काढायचे नट वेगळे, रिम जोडायचे वेगळे. कुठले कुठले हे ओळखता येत नसेल तर चाकाला हात लावू नका. दाबाखालची रिम सुटली तर माणूस जागेवर जातो. अशा रिमा माहीत असलेल्या जड वाहनांच्या टायरवाल्याकडेच न्याव्यात, चौकातल्या पंक्चरवाल्याकडे नको.

५. नट

चाकाचे नट पान्यानं बघा, बोटानं नाही. विलीज वळणाच्या जुन्या चाकांत डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असू शकतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसला की समजा, हा उलट्या दिशेनं घट्ट होतो. हे ठाऊक नसलेला पोरगा लांब पाइप लावून सोडवायला जातो आणि नट घट्ट करत करत स्टड तोडतो. सुदामानगरच्या भावांच्या ट्रेलरला डाव्या चाकावर पाचांपैकी तीनच स्टड शिल्लक होते. दोन असेच गेले होते. आणि ते त्या चाकावर मांडवला जाऊन आले होते.

६. कडी, हुक आणि उंची

आता हुक. लष्करी जोडणी म्हणजे ट्रेलरला जाड गोल कडी आणि गाडीला जबडा मिटणारा हुक. कडीचं आतलं भोक सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. हुक त्यात सैल बसतो, आणि तो सैल बसावा म्हणूनच तसा केलेला आहे. ओढ्यात-खडकात ट्रेलर एका बाजूला कलंडला तरी जोड मोडत नाही. खट्ट असा ठोका म्हणजे त्या सैलपणाचा आवाज. एकट्या ठोक्यानं ट्रेलर झुलत नाही. पण कडी झिजली असेल तर वेगळं. गाडी ओढते ती कडीच्या पुढच्या आतल्या बाजूवर, म्हणून झीज तिथे असते. कॅलिपरनं तिथली जाडी मोजा आणि बाजूच्या न झिजलेल्या जागेशी ताडून पहा. दहावा हिस्सा गेला असेल तर मी कडी बदलतो. भरणी-वेल्डिंग करून पुन्हा घासून देणारे लोहामंडीत मिळतील. कडी घडीव पोलादाची असते, साध्या रॉडच्या भरणीनं ती शेजारी ठिसूळ होते. नको.

त्याहून वाईट रोग म्हणजे कडी कापून त्या जागी कारमागच्या गोळ्यावर बसणारं डोकं वेल्ड करणं. गोळा ५० मिलिमीटरचा, आणि बाजारात अमेरिकन मापाची डोकीही येतात: दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरची, आणि एक पूर्णांक सात अष्टमांश इंची, ४७.६ ची. ५० च्या गोळ्यावर ४७.६ चं डोकं बसत नाही, आणि बसवायला हातोडा लागला तर तिथेच थांबा. ५०.८ चं बसतं पण खेळतं. माप डोक्यावर कोरलेलं असतं, वाचा. गोळाच हवा असेल तर डोकं दांड्याला, म्हणजे टबापासून कडीपर्यंत येणाऱ्या लोखंडी नाकाला, बोल्टानं जोडता येतं. माझं मत विचाराल तर कडी राहू द्या आणि गाडीला तसा हुक लावा. हुक बंपरला नाही, चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, ८.८ छापाच्या बोल्टांनी. बोलेरो, थार, स्कॉर्पिओला खाली शिडीसारखी चेसिस आहे म्हणून हे जमतं. ज्या गाडीला ती नाही, तिच्यावर हा खेळ करू नका.

जबड्याची खुंटी आणि दोन साखळ्या. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून बांधा, म्हणजे जोड सुटलाच तर नाक त्यांच्या झोळीत पडेल, डांबरात रुतणार नाही.

उंची मात्र झुलण्याशी थेट बांधलेली आहे. ट्रकमागे लागणाऱ्या एक टनी ट्रेलरचा दांडा उंच असतो. तो खाली ओढून बोलेरोला लावला की नाक खाली. उलट, गाडीचा हुकच वर बसवला असेल तर नाक वर. नाक वर गेलं की माल मागे सरकतो आणि तुम्ही तिसऱ्या तपासणीत जमवलेलं सगळं वजन वाऱ्यावर जातं. भरलेल्या ट्रेलरच्या टबची पुढची आणि मागची उंची जमिनीपासून मोजा. पुढची बाजू एक-दोन सेंटिमीटर खाली चालेल, वर चालणार नाही. तीन-चार भोकांचा ब्रॅकेट बनवून घेतला की उंची जुळवता येते.

७. हब

ट्रेलर घोडीवर घ्या. जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. कडकड ऐकू आली तर बेअरिंग सैल आहे. फिरवून कान लावा: गुळगुळीत हवं, खरखर नको. काळ्या मातीतून, ओढ्यातून गेलेल्या ट्रेलरच्या हबमध्ये पाणी शिरतं आणि ग्रीस दुधट होतं. तसं दिसलं तर धुऊन, नवं ग्रीस आणि नवं ऑइल सील. ही टेपर बेअरिंगं आहेत. चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग पाव फेरीच्या आसपास सोडायचा आणि नवी कॉटर पिन घालायची. आवळून ठेवलं तर जळतं, सैल ठेवलं तर चाक डुलतं आणि ट्रेलर त्याच्याबरोबर डुलतो.

एक हब गरम आणि बेअरिंग चांगलं, असं असेल तर हँडब्रेक बघा. छोट्या ट्रेलरला बहुधा फक्त उभं ठेवायचा ब्रेक असतो. त्याची केबल गंजून एका बाजूचा शू अर्धवट धरून राहतो. ट्रेलर त्या बाजूला ओढतो आणि आपण स्टिअरिंगला दोष देतो.

८. कमान्या आणि ॲक्सल

कमान्या म्हणजे महाराष्ट्रातले पाटे. लोक उसळणं कमी व्हावं म्हणून एक-दोन पानं काढून टाकतात. एका बाजूनं एक जास्त निघालेलं मी पाहिलंय. काढायची तर दोन्हीकडून सारखी, आणि मग माल कमी करा.

खरी चोरी सेंटर बोल्टात असते. कमानीची पानं आणि ॲक्सल यांना जागेवर धरणारा हा एक बोल्ट तुटला की यू-बोल्ट घट्ट दिसत असतानाही ॲक्सल एका बाजूनं मागे सरकतो. मग ट्रेलर खेकड्यासारखा चालतो. मोजणं सोपं आहे. स्टीलची फीत कडीच्या मध्यावर धरा आणि दोन्ही हबच्या मध्यापर्यंत मोजा. फरक ५ मिलिमीटरच्या आत असावा. महूच्या सुभेदार साहेबांच्या ट्रेलरला तो २२ निघाला. त्यांनी तीन वर्षांत चार टायर बदलले होते, सगळे डाव्या बाजूचे. सियागंजातून आणलेला एक सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट, एवढ्यात काम झालं. जुने यू-बोल्ट एकदा उघडले की पुन्हा लावू नयेत, ते ताणलेले असतात. आणि नवे लावल्यावर शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचे.

अंतर बरोबर, पण टायर तरीही खातं? मग ॲक्सल वाकलाय. तो घरी सरळ होत नाही.

९. दांडा

शेवटी आणि सगळ्यात गंभीर. दांडा आणि टब जिथे मिळतात तो कोन धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून उन्हात बघा. रंगाखालून निघालेली गंजाची केसासारखी रेघ म्हणजे बहुतेक वेळा तडा. खात्री करायची जुनी रीत: तिथे रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची भुकटी. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते. लाल द्रव आणि पांढऱ्या स्प्रेचा संचही मिळतो, काम तेच.

इथे हात काढा

दांड्यात किंवा ॲक्सलवर तडा दिसला, तर ट्रेलर त्याच जागी उभा राहतो. घरचं वेल्डिंग यंत्र बाहेर काढायचं नाही. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात ट्रेलर-चेसिस बनवणारे आहेत, त्यांच्याकडे तो टेम्पोवर चढवून न्या, ओढत नाही. वाकलेला ॲक्सल, दोन अर्धांच्या रिमा, गाडीच्या चेसिसला हुक बसवणं, हीसुद्धा त्यांचीच किंवा त्या-त्या जाणकाराची कामं. एक टनी आणि त्यावरच्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक असतात, कुठे ढकलल्यावर लागणारे, कुठे हवेचे. ते काढून टाकून बोलेरोमागे लावायचा विचार करत असाल तर करू नका. गाडीच्या पुस्तिकेत ओढायचं वजन दिलेलं असेल तर तीच मर्यादा, आणि एक टनी भरला की ती सहज ओलांडली जाते.

दिव्यांचं थोडक्यात. लष्करी ट्रेलर बहुधा २४ व्होल्टचे, आपली गाडी १२ ची. २४ चा बल्ब १२ वर निखाऱ्यासारखा लाल दिसतो, रात्री मागच्याला काहीच कळत नाही. बल्ब बदला. लष्करी सॉकेट बहुधा १२ पिनांचं असतं, ते काढून ७ पिनांचं लावा आणि अर्थची वायर वेगळी ओढा. गंजलेल्या हुकातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकते ती याच कारणानं.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलरही मोटार वाहनातच मोडतो, त्याची स्वतःची नोंदणी लागते. कलम ५२ नुसार नोंदलेल्या वाहनात मूळ कागदाबाहेरचे बदल मनाने करता येत नाहीत. लिलावाचे आणि सैन्यानं सोडल्याचे कागद हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कटर लावण्याआधी आरटीओत विचारून या, नंतर नाही. ऑलिव्ह ग्रीन रंगही घालवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानं तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. मी माझा राखाडी केला. सुभेदार साहेब अजून तयार नाहीत, म्हणतात, "नोकरी त्यातच गेली हो."

चाचणी मी रविवारी पहाटे, राऊ ते महू, भरलेल्या ट्रेलरनं करतो. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे म्हणे, तो आपल्या पाव टनीसाठी नाही. आधी ३०, मग ४०, मग ५०, दर टप्प्याला दोन-तीन किलोमीटर, सोबत कुणीतरी मागे पाहायला. ६० च्या वर मी जात नाही, दुरुस्त झाल्यावरही. महूला पोचलं की दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावायची, साखळ्या बघायच्या, नट पान्यानं आवळायचे. पोहे त्यानंतर.